शाळंचं रान

आमच्या गावात बाहेरच्या माणसाला रस्ता सांगायचा झाला तर अजून म्हणतात, "शाळंच्या रानापास्नं डावीकडं वळा." शाळा वेशीजवळ आहे आणि शाळेचं रान तिथनं अर्ध्या कोसावर, ओढ्याच्या कडेला. चार एकर दहा गुंठे. काळी, खोल जमीन. मागच्या एका पावसाळ्यात दुसरीच्या वर्गात पाणी गळत होतं म्हणून पोरं व्हरांड्यात बसवली होती. त्याच दिवसांत शाळेच्या रानात पुरुषभर ऊस उभा होता. ऊस कोणाचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. शाळेला त्यातनं काय मिळालं, हे मात्र हेडगुरुजींनासुद्धा सांगता येईना.

त्या रानाबद्दल मला लिहायचं आहे. कारण त्यातलं दीड एकर माझ्या आज्यानं दिलेलं आहे.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली होती. पोरानं हातानं काम करत शिकावं, टकळी चालवावी, माती उकरावी, भाजी लावावी. त्या विचारानं गावोगावच्या शाळांना जमीन लागत होती. आमच्या गावातही गुरुजी घरोघर फिरले. आज्यानं दीड एकर दिलं, माळ्याच्या एका घरानं दोन एकर दिलं, धनगराच्या घरानं तीस गुंठे दिले. ज्यांच्याकडं द्यायला जमीन नव्हती त्यांनी ताल घालायला दगड वाहिले, आडाचा गाळ काढला. ते दान कुठल्या उताऱ्यावर चढलं नाही, पण त्या ताली अजून शाबूत आहेत.

आज्जी सांगायची, देऊन आल्यावर आज्याला घरात बोलणी बसली. तेव्हा ते रान जिरायत होतं, पण तरी दीड एकर म्हणजे चार माणसांचं वर्षाचं जोंधळं. आज्या एवढंच म्हणाला, "मला आंगठा करावा लागला. माझ्या नातवाला लागू ने." त्याचा नातू म्हणजे मी. दहावी झालो, सही करतो, हे लिहितो आहे. त्या दीड एकराचं देणं माझ्या अंगावर आहे, असं मी समजतो.

जमीन स्कूल बोर्डाच्या नावावर चढली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडं गेल्या. उताऱ्यावरचं नाव बदललं, पण गावाच्या तोंडी ते रान शाळेचंच राहिलं.

मी तिसरी-चौथीत असताना शनिवारी आम्हाला रानात नेत. खुरपायला कमी आणि दंगा करायलाच जास्त. पुढं नई तालीम मागं पडली, टकळ्या उंदरांनी खाल्ल्या, आणि रान दरसाल खंडानं द्यायची पद्धत पडली. पाडवा झाला की कोतवाल दवंडी द्यायचा. शाळेपुढच्या लिंबाखाली बैठक भरायची. हेडगुरुजी खुर्चीवर, सरपंच बाकावर, बाकी गाव खाली. बोली लागायची. आमच्यासारखी पोरं भिंतीवर बसून आकडे मोजायची. माझा पाढा त्या लिलावात पक्का झाला. बोली सुटली की निम्मी रक्कम तिथल्या तिथं मोजून घ्यायची, निम्मी शाळू निघाल्यावर. पैसे वहीत लिहायचे आणि वही कोणीही बघायची.

बहात्तरच्या दुष्काळात रानात कुसळ उगवलं नाही. त्या साली बोली झालीच नाही. आमचे आईबाप खडी फोडायला जात होते, पाटी-पुस्तकाला पैसा कुठला? तेव्हा गुरुजींनी मागच्या शिलकीतनं वह्या आणि पेन्सिली आणल्या. मला मिळालेल्या वहीच्या पुठ्ठ्यावर बैलगाडीचं चित्र होतं. शहरातल्या वाचकाला ही फार लहान गोष्ट वाटेल. पण सरकारचा एक पैसा न मागता एका गावाची शाळा दुष्काळात पोरांना वह्या देऊ शकली. कारण तिच्या नावावर रान होतं आणि त्या रानाचा हिशेब गावापुढं होता.

मग चारीला पाणी आलं. नीरा उजव्या कालव्यानं माळशिरस तालुक्याची उत्तर बाजू कधीच हिरवी केली होती. आम्ही शेपटाला, आमच्याकडं पाणी उशिरा आणि बेतानं आलं, पण आलं. शाळूचं रान उसाचं झालं. जमिनीला किंमत आली. आणि ज्या दिवशी किंमत आली, त्या दिवसापासनं बोली लिंबाखालनं उठली.

कधी उठली हे नेमकं कोणालाच सांगता येत नाही. एक वर्ष दवंडी झाली नाही. दुसऱ्या वर्षी कळलं की आता लिलाव वरच्या कार्यालयात होतो, नोटीस तिथल्या फळ्यावर लागते. एस्टीनं जाऊन तो फळा रोज कोण वाचणार? तीन वर्षं म्हणून दिलेलं रान पुढं वाढवून दिलं, परत वाढवून दिलं. कसणारा माणूस तोच, रक्कम जवळपास तीच. लोक म्हणायचे, "जाऊ द्या, सरकारचं हाय." हे एक वाक्य आमच्या खेड्यांनी कितीदा उच्चारलं असेल, आणि दर खेपेला कोणाचं तरी फावलं असेल.

मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभा राहिलो. विचारलं, शाळेच्या रानाचा खंड किती, कोणी ठरवला आणि पैसे कुठं जातात? उत्तर मिळालं, "हा विषय ग्रामसभेच्या कक्षेत येत नाही." मी म्हणालो, "मग कुणाच्या कक्षेत येतो ते सांगा, तिथं जाऊन विचारतो." त्यावर सभा संपली, झेंड्याचा खाऊ वाटला.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं तिकीट लावलं. कायद्यात तीस दिवस आहेत. मला त्याहून बरेच लागले आणि एक अपील करावं लागलं. शेवटी हातात दोन कागद आले. आसपास अशाच जमिनीला जो खंड मिळतो, त्याच्या पाचव्या हिश्शाला शाळेचं रान दिलेलं होतं. आलेली रक्कम वरच्या खात्यात जमा. शाळेला त्यातनं किती परत आलं, या प्रश्नापुढं एकच शब्द होता: निरंक.

हा शब्द मी घरी येऊन मोठ्यानं वाचला. सूनबाईनं विचारलं, "मामा, निरंक म्हंजे वो काय?" म्हटलं, "म्हंजे आज्याचं दीड एकर."

शेतकऱ्याच्या पैशातनं शाळा आणि शेतकऱ्याचंच पोर बाहेर, ही तक्रार नवी नाही. इंग्रज सरकार शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड घ्यायचं आणि त्यातला हिस्सा शिक्षणाला असायचा. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन देऊन सांगितलं, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातनं आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या लोकांच्या मुलांवर. त्यांनी मागितलं काय, तर खेड्यातल्या पोरांसाठी प्राथमिक शाळा. पुढं शाळा आल्या. पण पैसा कुठनं येतो, कुठं जातो आणि ते कोणाला विचारून, हा फुल्यांचा प्रश्न आमच्या शाळेच्या रानात अजून उभाच आहे.

सरकारी जमीन म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला शिकवायला नको. श्रीपूर, सदाशिवनगर इथले शेती महामंडळाचे मळे आमच्या डोळ्यांपुढचे आहेत. खाजगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. १९६१ ला कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. कारखान्यांकडची जादा जमीन सरकारकडं गेली आणि १९६३ ला महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालं. मूळ मालक खंडकरी मात्र बाहेरच राहिले. त्यांनी मोर्चे काढले, कोर्टं केली, म्हातारे होऊन मेले, त्यांची पोरं पुन्हा मोर्च्याला गेली. कित्येक वर्षांनी जमीन परत मिळायला लागली. दरम्यान काही मळ्यांवर वेड्या बाभळी माजलेल्या आम्ही बघितल्या.

त्यातनं मी एक धडा घेतला. खंडकऱ्याला वारस होता म्हणून तो दोन-तीन पिढ्या भांडला. शाळेला वारस नाही. गुरुजींची बदली होते, साहेबाची बदली होते, पोरगं सातवी झालं की पुढं जातं. शाळेच्या रानासाठी जन्मभर कोण भांडणार? म्हणून तिचा वारसा गावानं चालवायला पाहिजे, आणि सरकारनं गावाला तो चालवू दिला पाहिजे. मालकी सरकारचीच राहू द्या. आम्ही सातबारा मागत नाही. विचारा, एवढंच मागतो.

आता याच्या विरुद्ध जे बोललं जातं, ते माझ्या कानावर आहे.

पहिलं म्हणणं, जमीन शासनाची आहे, शासन बघेल. मी म्हणतो, बघू द्या की. पण शासन म्हणजे कोण? या रानाची नांगरट कधी झाली, चारीचं पाणी कोण वळवतं, ताल कुठं फुटली, हे वरच्या खुर्चीला कुठनं दिसणार? शेताला राखण लागते, आणि राखण करणारा शेताजवळच असावा लागतो. लांबचा राखणदार ठेवला की काय होतं, ते आम्ही बघतोच आहे. कुंपणानंच शेत खाल्लं.

दुसरं म्हणणं, गावाला विचारलं तर राजकारण होईल, भांडणं होतील. खरं आहे, होतील. लिंबाखालच्या बोलीतही व्हायची. एकदा दोन भावकीत हातघाई झालेली मी भिंतीवर बसून बघितली आहे. पण त्या साली शाळेला सगळ्यांत जास्त खंड मिळाला होता. भांडण उघड्यावर झालं तर भाव वाढतो, बंद दाराआड झालं तर वाटणी होते. आणि राजकारणाचं म्हणाल, तर गावाला न विचारता जे चाललं आहे त्यात राजकारण नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

तिसरं म्हणणं जरा शहाण्यासारखं दिसतं. एवढी जमीन ठेवून करायचं काय? विकून टाका, नाहीतर रस्त्याकडेला गाळे काढा, पैसे येतील, त्यात शाळा नवी होईल. पालखी मार्ग मोठा झाल्यापासनं हे बोलणं फार वाढलं आहे. या बाबतीत लांबचा एक दाखला वाचनात आला. अमेरिकेत १७८५ साली कायदा झाला. नव्या मुलखाची मोजणी करताना सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे तुकडे पाडायचे, दर तुकड्याचे छत्तीस भाग करायचे आणि सोळा नंबरचा भाग गावच्या शाळेसाठी राखायचा. पुढं कित्येक राज्यांनी त्या जमिनी घाईनं, मातीमोलानं विकल्या. तिथल्या शाळांना आज त्यातलं काही दिसत नाही. पश्चिमेकडच्या ज्या राज्यांनी जमिनी बऱ्याच राखल्या, तिथं त्यांचं उत्पन्न अजून शाळांना मिळतं. त्यांच्याकडंही वाद आहेतच, गुरं चारायला किती द्यायची, खाणीला किती, विकायचं किती. पण वाद होतो तो लोकांपुढं. सव्वादोनशे वर्षांहून जास्त झालं, तरी जमीन अजून वह्या-पुस्तकं देते आहे. विकलेल्या जमिनीनं असं काही दिल्याचं मी ऐकलं नाही. आमच्याकडं म्हणतात, रान विकून घर बांधलं की घर बघायला येतात आणि माणूस मजुरीला जातो.

चौथी गोष्ट मात्र कोणी बोलत नाही, ती मीच बोलतो. गावही धुतल्या तांदळासारखं नाही. शाळेच्या रानाला लागून तीन बाजूंनी शेतं आहेत. त्यातली एक बाजू माझी. आज्यानं दीड एकर दिल्यावर उरलेलं रान आमच्याकडं राहिलं आणि बांध सामाईक झाला. वडलांच्या काळात नांगर थोडा थोडा पलीकडं सरकला. माझ्याही हातनं सरकला. कोणी बोलणार नव्हतं, शाळा काय भांडायला येते? मी अर्ज करून मोजणी आणायला लावली तेव्हा माझ्याच बाजूचे तीन गुंठे शाळेचे निघाले. मोजणीदारानं खुणा रोवल्या. बायको म्हणाली, "दुसऱ्याचं काढायला गेला आन् स्वतःचं निघालं." आज्यानं दिलेलं नातवानं परत खाल्लं होतं. मी दुसऱ्या दिवशी बांध मूळ जागी घातला. सांगायची लाज वाटते, पण सांगितलं नाही तर बाकीचं बोलायचा मला हक्क राहत नाही. आणि बघा, ती चोरी पकडली कोणी? साहेबानं नव्हे. गावातल्या माणसांपुढं टेप लागला तेव्हा ती उघडी पडली. गावावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. गावाला एकमेकांवर लक्ष ठेवू द्या, असं म्हणतो.

कायद्यात याची सोय नाही असंही नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीत पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदान कसं खर्च होतं तेही त्यांनीच बघायचं. ग्रामसभा आहे, तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पण बहुतेक ठिकाणी समिती म्हणजे सह्यांची वही. शिपाई वही घेऊन बांधावर येतो, म्हणतो, "हितं करा." बाई खुरपं खाली ठेवते, हात पदराला पुसते आणि करते.

एका वेळेला मात्र तसं झालं नाही. मोजणी झाल्यावर थोड्याच दिवसांत समितीकडं एक कागद आला. शाळेची जमीन विकसित करायला समितीची हरकत नाही, असा मजकूर, दोन दिवसांत सही पाहिजे. समितीची अध्यक्षीण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, स्वतः चौथी शिकलेली. कागद घेऊन आलेला म्हणाला, "वरनं आलंय, सही करा." ती म्हणाली, "वरनं पाऊसबी येतो, तो आमच्या वर्गात गळतोय. आधी वाचून दाखवा." त्यानं अर्धवट वाचलं. तिनं विचारलं, "विकसित म्हंजे काय? गाळं कुणाला मिळणार? भाडं शाळंला येणार का निरंक?" निरंक हा शब्द तोवर गावात सगळ्यांना पाठ झाला होता. तिनं सही केली नाही. सगळ्या समितीला बोलवून घेते, ग्रामसभेपुढं ठेवते, मग बघू, म्हणाली. तो कागद परत गेला तो अजून आलेला नाही. तो मेला असं मी समजत नाही. असले कागद उन्हाळ्यात गाव ऊसतोडीच्या उचलीत आणि लग्नसराईत गुंतलं की परत येतात.

म्हणून मागणं लिहून ठेवतो. हे आमच्या एका गावाचं नाही. ज्या ज्या शाळेच्या नावावर रान आहे, तिथल्या माणसांनी आपापल्या सभेत हे वाचावं.

शाळेच्या भिंतीवर सुविचाराच्या शेजारी रानाचा फळा रंगवा. गट नंबर, क्षेत्र, कोण कसतो, खंड किती, मुदत कधी संपते, पैसे कुठं गेले. चौथीच्या पोराला वाचता येईल अशा अक्षरात. खंडाची बोली शाळेच्या आवारात, दिवसाढवळ्या, दवंडी देऊन आणि आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत तर त्यावरही कळवून करा. मुदतवाढ बंद. मुदत संपली की नवी बोली. खंडाचा पैसा आधी त्याच शाळेला, वर लागला तर नंतर. विकणं, गाळे, लांब मुदतीचा करार, यातलं काही करायचं असेल तर आधी प्रस्ताव गावात वाचून दाखवा, बायांच्या सभेत वेगळा वाचा, लोक काय म्हणाले ते लिहून घ्या. आणि लोकांचं ऐकायचं नसेल तर का नाही, ते साहेबानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं. रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्याची जमीन घ्या, नाहीतर शाळेच्या नावानं ठेव ठेवा. आणि दरसाल एकदा पोरांना घेऊन बांधावरनं फिरा. खुणा कुठं आहेत ते पोरांना माहीत असू द्या. माझ्या बाजूची खूण मीच दाखवीन.

काही जण म्हणतील, चार एकराचं एवढं काय? राज्यात किती प्रश्न आहेत. असतील. पण माझ्या आज्यापाशी जे होतं त्यातलं दीड एकर त्यानं दिलं तेव्हा तो राज्याचा प्रश्न सोडवत नव्हता. गावातली पोरं आंगठेबहाद्दर राहू नयेत, एवढंच त्याला कळत होतं. त्याला कोणी विचारून घेतलं होतं. गुरुजी घरी आले होते, घोंगडीवर बसले होते, चहा नव्हता म्हणून गूळ-पाणी घेतलं होतं, आणि मग मागितलं होतं. घेताना विचारलं, तर आता त्याचं काय करायचं हे ठरवतानाही विचारायला काय हरकत आहे?

या वर्षी बोली लिंबाखाली लावा, असा ठराव आम्ही महिला सभेत आणि ग्रामसभेत दोन्हीकडं घेतला आहे. त्याची प्रत वर पाठवली आहे, पोच ठेवली आहे. लिंब अजून आहे. मुदत संपते पाडव्याला. आम्ही त्या दिवशी तिथं जाऊन बसणार आहे, बोली लावायला कोणी आलं नाही तरी.